तरुण संघ दोघांच्याच खांद्यावर आहे. किशोरांची सेवा नीट कशी बांधावी?

डिचोलीकर सेवक

जय ख्रिस्त. आमची गोव्यातली मराठी मंडळी (चर्च) लहान आहे, तीसेक कुटुंबं. १३ ते १८ वयाची १७ मुलं-मुली. दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ६.३० तरुण संघ भरतो. चालवणारे आम्ही दोघे, दोघेही पुरुष, दोघेही नोकरी करणारे. मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून सगळं इंग्रजीत, आणि आपसात बोलतात कोंकणी. पवित्र शास्त्र वाचायला दिलं की अडखळतात, आणि एकदा अडखळली की पुढे तोंड उघडत नाहीत. पालकांचं एकच, "तुम्हीच सांगा त्याला, आमचं ऐकत नाही."

पाळकसाहेबांनी वर्षाची आखणी मागितली आहे. दीड तास कसा वापरावा, पालकांना कसं सामील करून घ्यावं, एखादं मूल बाजूला घेऊन काही गंभीर सांगू लागलं तर काय करावं, आणि आम्ही दोघे थकून न जाता हे कसं चालवावं, याबद्दल जाणत्यांनी सविस्तर लिहावं. नुसतं "प्रार्थनेत राहा" नको, ते आम्ही करतोच.

रविशाळा म्हापसा

ब्रदर, वेळापत्रकाच्या आधी एक काम करा. मंडळीतल्या दोन बहिणींना या सेवेत घ्या. मुलींच्या मनातलं दोन पुरुषांपर्यंत येत नाही, आणि येऊ लागलं तरी तुम्हाला ते एकट्याने ऐकता येत नाही. वय पंचविशीचंच हवं असं नाही. पन्नाशीची, ऐकून घेणारी बाई तेरा वर्षांच्या मुलीला पुष्कळदा जास्त जवळची वाटते. चार मोठी माणसं झाली की १७ जणांचे तीन गट पडतात: मुली एकत्र, आणि मुलगे १३-१५ व १६-१८ असे दोन. गटात सहापेक्षा जास्त नकोत. आठ झाले की दोघे बोलतात आणि बाकीचे पाय हलवत बसतात.

आता दीड तास. पहिली पंधरा मिनिटं खाणं. ट्यूशनवरून, फुटबॉलवरून पोरं भुकेली येतात, त्यांना आधी गायला लावू नका. भाजी-पाव सगळ्यात सोपा: एक किलो सुके पांढरे वाटाणे सकाळी भिजत घातले की शिजून सव्वादोन किलोच्या आसपास होतात, तेवढे १७ जणांना पुरतात. पाव ३५ ते ४०. पोदेराला (पाववाल्याला) आदल्या दिवशी सांगून ठेवा, शनिवारी संध्याकाळी ऐनवेळी मिळत नाहीत. करणारं घर दर आठवड्याला वेगळं ठेवा, म्हणजे पालकांचा पाय आपोआप तिथे लागतो.

मग दहा मिनिटं एखादा खेळ, दोन गाणी, वीस मिनिटं वचन (शास्त्रातल्या उताऱ्यावर बोलणं), आणि पुढची तीस मिनिटं गटात. ही तीस मिनिटं कोणाच्याही बोलण्यासाठी कापू नका. नेहमी बिघडतं ते इथेच. वचन सांगणारा वीसच्या जागी चाळीस मिनिटं घेतो, गट दहा मिनिटांत उरकतो, आणि मुलं ऐकून घरी जातात, बोलून जात नाहीत. समोरच्या भिंतीवर घड्याळ लावा आणि वेळ पाळायचं काम सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला द्या. तो हात वर करेल तेव्हा थांबायचं, मग समोर पाळकसाहेब असोत.

वाचनाचं अडखळणं ही श्रद्धेची उणीव नाही, लिपीची सवय तुटली आहे एवढंच. त्यावर तीन गोष्टी चालतात. उतारा बारा-पंधरा वचनांहून मोठा नको. मार्कच्या शुभवर्तमानातला २:१-१२ हा उतारा बरोबर बारा वचनांचा आहे, सुरुवातीला उत्तम. तो कागदावर १६ पॉइंटच्या अक्षरात, प्रत्येक वचन नव्या ओळीवर, असा छापून द्या. ज्याला मोठ्याने वाचायचं आहे त्याला उतारा गुरुवारीच पाठवा. आणि कधीही गोल फिरवत वाचायला लावू नका. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक मूल आपलंच वचन मनात घोकत बसतं, बाकीचं काहीच ऐकत नाही.

प्रश्न तीनच ठेवा. या उताऱ्यात काय घडलं? यात पटायला अवघड काय वाटलं? सोमवारी शाळेत याचं काय करशील? मार्कमधला तो प्रसंग घ्या: चौघेजण आजारी माणसाला बाजेसकट उचलून आणतात, दारात गर्दी, म्हणून छप्पर उकरतात. "येशू चांगला आहे ना?" असं विचारलं तर "हो" येईल आणि विषय संपेल. "या चौघांपैकी छपरावर चढायला कोण कुरकुरला असेल?" असं विचारा, बोलणं सुरू होतं. "तुझी बाज धरणारे चार कोण?" हा प्रश्न शेवटी. प्रश्न टाकल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक पुढारी तीन मोजायच्या आत स्वतःच उत्तर देतात, आणि मुलं ते बरोबर ओळखून गप्प राहायला शिकतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. तेव्हा सभा पाऊण तासाची करा, परीक्षेला बसणाऱ्यांना "येत नाहीस" असा टोमणा मारू नका, आणि पेपरच्या आदल्या रात्री लांब संदेश पाठवू नका.

फोंडेकर

वरच्या उत्तरातल्या एका गोष्टीत भर घालतो, आणि एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. कागद छापून देणं ठीक, पण मुलांनी उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं ते आधीच मोकळं करून टाका. वाचन मराठीत, बोलणं कोंकणीत किंवा जमेल त्यात. "मराठीतच बोल" म्हटलं की मूल जे वाटतं ते सांगत नाही, जे मराठीत सांगता येतं तेवढंच सांगतं. प्रार्थनेचंही तसंच. छापील मराठीतली दीर्घ प्रार्थना मुलांना पाठ होते, पण स्वतःची होत नाही. एका वाक्याची, कोंकणीत केलेली प्रार्थना पुरेशी आहे.

वेगळं मत हे: छापील कागदावरच राहू नका. सहा महिन्यांनी मुलांच्या हातात पुस्तक आलं पाहिजे, त्यांना अध्याय-वचन शोधता आलं पाहिजे. सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, दोघांत एक प्रत, आणि जो देवनागरी बरी वाचतो त्याच्याशेजारी न वाचणारा बसवा. मार्कचे १६ अध्याय आहेत. महिन्याला दोन या गतीने आठ महिन्यांत एक शुभवर्तमान पुरं होतं. विषयांच्या मागे धावलात, या शनिवारी मोबाईल, पुढच्या शनिवारी मैत्री, तर वर्षअखेर मुलांना ख्रिस्ताची सलग गोष्ट सांगता येत नाही.

वास्कोची ताई

मूल काही गंभीर सांगू लागलं तर काय, या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण चूक झाली तर मुलाचं नुकसान याच जागी होतं.

पहिला नियम, एक मोठा माणूस आणि एक मूल बंद खोलीत किंवा गाडीत कधीही एकटे नसावेत. बोलायचं असेल तर व्हरांड्यात, दुसऱ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. पावसात मुलांना घरी सोडताना हा नियम हमखास मोडतो. शेवटच्या घरचं मूल गाडीत एकटं उरतं. म्हणून सोडायला दोन मोठी माणसं जा, किंवा पालकाला बोलवा. सभा ६.३० ला संपवताय ते बरोबर आहे, रात्री गावाकडच्या बसेस विरळ होतात. मुलीला स्कूटरवर मागे बसवून एकट्याने सोडणं, मनात काही नसलं तरी, नको.

फोनवरही तेच. मुलांशी गटातच बोला आणि गटात किमान दोन मोठे सेवक असू द्या. खाजगी संदेश आला तर उत्तर द्या, पण रात्री ९ नंतर नाही (जीव धोक्यात असल्याचा संदेश सोडून), आणि दुसऱ्या सेवकाला कळवून. आपोआप पुसले जाणारे संदेश दोन्ही बाजूंनी बंद. मुलांचे फोटो मंडळीच्या पानावर टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे बालकच धरले आहेत.

आता मूल सांगू लागतं तेव्हा. ते बहुतेक वेळा असं सुरू होतं: "कोणाला सांगणार नाही ना?" इथे "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. असं सांगा: "तू बोलशील ते मी चारचौघांत बोलणार नाही. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला, शरीराला धोका असेल, तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन." हे वाक्य चारही सेवकांनी मोठ्याने म्हणून सराव करा. ऐनवेळी सुचत नाही.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२चा पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा) कायदा लागू होतो. कलम १९प्रमाणे ज्याला कळलं किंवा शंका आली त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मंडळीच्या पंचांपुढे आधी चौकशी करू आणि मग बघू, ही वाट कायद्यात नाही, आणि मुलासाठीही ती घातक आहे. पाळकसाहेबांना कळवा जरूर, पण त्यांच्या परवानगीची वाट बघत थांबू नका. मुलाला पुन्हा पुन्हा तेच विचारू नका. त्याने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळेसह, लिहून ठेवा, तुमचे शब्द घालू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला जाब विचारायला जाऊ नका. तो घरातलाच असेल तर मुलाला परत त्याच घरी पाठवण्याआधी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करा. नुकतंच घडलं असेल तर अंघोळ करायला, कपडे धुवायला सांगू नका.

आणि एक गोष्ट ख्रिस्ती मंडळ्यांत खास होते, प्रार्थनेच्या विषयातून बातमी फुटते. "अमुक बहिणीच्या मुलीवर मोठा प्रसंग आलाय, प्रार्थना करा" असा संदेश फिरला की तासाभरात सगळ्या वाड्याला कळतं. प्रार्थनासाखळीत कोणाही मुलाचं नाव, घर, इयत्ता घालू नये असा लेखी नियमच करा.

जगावंसं वाटत नाही असं कोणी म्हणालं, तर थेट विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसं करायचं ठरवलंयस?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. त्याला एकटं सोडू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा, घरातल्या गोळ्या, कीटकनाशक, दोर हाताबाहेर ठेवायला सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे. "तुझी प्रार्थना कमी पडते" हे वाक्य तिथे कधीही नको. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा (१ राजे १९) देवाने आधी त्याला झोपू दिलं, दोनदा जेवू घातलं, आणि बोलणं त्यानंतर झालं.

सत्तरीकर

पालकांचं. "तुम्हीच सांगा त्याला" ही वाक्यं चिडून बोललेली नसतात, ती हतबल असतात. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात (६:६-७) मुलांना शिकवायची जागा घरी बसलेलं असताना, वाटेवर, निजताना, उठताना अशी सांगितली आहे. आठवड्यातले दीड तास तुमचे, बाकीचे सगळे त्यांचे. तेव्हा पालकांना उपदेश करण्यापेक्षा हातात काहीतरी द्या.

काय द्यायचं तर पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी. शनिवारी निघताना प्रत्येक मुलाच्या हाती. वर उताऱ्याचं नाव, खाली एकच प्रश्न जो आईबापाने जेवताना विचारायचा. मार्क २च्या आठवड्याला: "तू आजारी पडलास तर तुझ्या वर्गातला कोण घरी येईल?" बस्स. त्याला उत्तर देताना धर्माचं बोलावं लागत नाही, पण बोलणं सुरू होतं. चिठ्ठी फ्रिजवर चिकटवतात. पुढच्या शनिवारी मुलांना "घरी काय बोलणं झालं?" असं विचारू नका, तो गृहपाठ होतो.

तीन महिन्यांतून एकदा पालकांची बैठक, रविवारच्या उपासनेनंतर, चाळीस मिनिटं. पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवणार ते एका पानावर. औद्योगिक वसाहतीत, हॉटेलांत पाळीने काम करणारे बाप येऊ शकत नाहीत, कोणी बोटीवर असतो. त्यांच्यासाठी तीच माहिती तीन मिनिटांच्या आवाजी संदेशात पाठवा. घरभेटीला दोघांनी जा, आधी फोन करा, रात्रपाळी केलेल्या माणसाला दुपारी उठवू नका, आणि अर्ध्या तासात उठा. मुलाच्या तक्रारी घेऊन पहिल्या भेटीला जाऊ नका. त्याची एक चांगली गोष्ट, नेमकी, सांगा. "हुशार आहे" असं मोघम नको. "गेल्या शनिवारी नव्या मुलाला आपल्याशेजारी बसवून घेतलं" असं. बापाचा चेहरा बदलतो आणि पुढचं बोलणं सोपं जातं.

दुसरी नाजूक बाब. आपल्या मराठी मंडळ्यांत पुष्कळ घरं पहिल्या पिढीची आहेत. चतुर्थीला काका-आत्यांकडे जायचं, आरतीला उभं राहायचं की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही, हे प्रश्न मुलं तुम्हालाच विचारणार. १ करिंथ ८ ते १० (मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे अध्याय) त्यांच्यासोबत जरूर वाचा, पण काय करायचं तो निर्णय पाळक आणि आईवडिलांनी मिळून घ्यावा. तरुण संघात त्याचा नियम करू नका आणि मुलाच्या तोंडून नातेवाइकांविरुद्ध एक शब्दही वदवू नका. आजीला नमस्कार करून तिच्या हातचं जेवून आलेलं मूल काही पापी ठरत नाही. आणि दुसऱ्या धर्माच्या घरातलं मूल मित्रासोबत आलं तर पहिल्याच आठवड्यात त्याच्या पालकांना फोन करा, काय चालतं ते उघड सांगा, त्यांची लेखी संमती नसेल तर त्यानंतर त्याला सभेत बसवू नका. बाप्तिस्म्याचा विषय तर कोणत्याच अल्पवयीन मुलाजवळ पालकांच्या पाठीमागे काढू नये.

डिचोलीकर सेवक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बहिणींशी बोलणं झालं, एक तयार आहे. दुसरी म्हणते, "मला शास्त्र शिकवता येत नाही." तिला काय सांगू? आणि आमच्या थकव्याचं राहिलंच.

निवृत्त पाळक, मडगाव

तिला सांगा की शिकवू नकोस, बस. तयारी पायरीने होते. पहिला महिना ती गटात फक्त बसते आणि मुलींची नावं, शाळा, भावंडं लक्षात ठेवते. दुसऱ्या महिन्यात तीनपैकी एक प्रश्न ती विचारते. तिसऱ्यात गट ती घेते, तुम्ही गप्प बसता. चौथ्यात तुम्ही बसतच नाही, तिथे दुसरी बहीण बसते. प्रत्येक शनिवारी मुलं गेल्यावर दहा मिनिटं उभ्यानेच बोला: काय जमलं, कुठे अडलं, कोणतं मूल आज गप्प होतं. शेवटचा प्रश्न सोडू नका. एक वही ठेवा, तारीख, हजेरी आणि त्या गप्प मुलाचं नाव. दोन शनिवार तेच नाव आलं तर मंगळवारपर्यंत त्याच्या घरी फोन गेला पाहिजे. खाजगी तपशील त्या वहीत लिहू नका, ती वही उघड्यावर पडते.

सोळा-सतरा वर्षांच्यांना गाणी, खेळ, वेळ, हजेरी, स्वागत द्या. धाकट्यांच्या दुःखाचं ओझं त्यांच्यावर टाकू नका. "मला असं वाटतंय" असं कोणी त्यांना सांगितलं तर ते तुमच्यापर्यंत आणायचं, एवढंच त्यांचं काम.

थकव्याचं. निर्गम १८ मध्ये सासरा इथ्रो मोशेला सांगतो की तू करतोस ते बरं नाही, तू आणि लोक दोघेही झिजून जाल, आणि मग हजार, शंभर, पन्नास, दहा अशी माणसं नेमायला लावतो. मोशेने ते स्वतःहून केलं नाही, सासऱ्याने सांगितल्यावर केलं. तुमच्या पंचांनीही ते तुम्हाला सांगायला हवं, आणि ते सांगत नसतील तर हा अध्याय त्यांच्यापुढे वाचा. मागणी लेखी करा. महिन्यातला एक शनिवार प्रत्येक सेवकाला सुटी, चौघे झालात की हे जमतं, फक्त दोन्ही बहिणी एकाच शनिवारी सुटीवर नकोत. खाणं, छपाई आणि पेट्रोल यांसाठी मंडळीच्या हिशेबात वेगळी ओळ, पावत्यांसह. स्वतःच्या खिशातून देत राहिलात तर दोन वर्षांत घरात कुरबुर सुरू होते. वर्षातून एकदा उपासनेत तुमच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना व्हावी. मागायला संकोच वाटतो, तरी मागा. आणि नेमणूक दोन वर्षांची असावी, मग थांबायचं की पुढे न्यायचं ते विचारून ठरवावं. मुदत नसलेल्या सेवेतून माणूस एक दिवस न सांगता गळतो.

बायको-मुलं असतील तर आठवड्यात सेवेच्या संध्याकाळी दोनच, घरभेटी धरून.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. बारावीनंतर मुलं पुण्याला, बेळगावला, बंगळुरूला जातात आणि मंडळीशी नातं तिथेच तुटतं. तुटतं ते पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, नवा रविवार कुठे घालवायचा हे ठरतं तेव्हा. ॲडमिशन पक्की झाली की त्या शहरातल्या एका मंडळीच्या पाळकांना तुम्ही फोन करा, तिथल्या एका कुटुंबाला मुलाचा निरोप द्या, पत्ता आणि उपासनेची वेळ मुलाला लिहून द्या. पहिल्या आणि दुसऱ्या रविवारी संध्याकाळी फोन करा. "गेला होतास का?" असं विचारू नका. "जेवलास कुठे?" असं विचारा, बाकीचं तो स्वतः सांगतो.

वास्कोची ताई

पावसात शिबिर ठेवणार असाल तर एवढंच: धबधबा आणि समुद्र कार्यक्रमातून काढून टाका. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं नसतं, आणि गुडघाभर ओढासुद्धा घाटात पाऊस झाला की मिनिटांत चढतो. सहा मुलांमागे एक मोठा माणूस, मुलींच्या खोलीजवळ रात्री दोन बहिणी. संमतीपत्रावर रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, पोहता येतं का, आणि पालकांचे दोन नंबर घ्या. ती पत्रं पिशवीत ठेवू नका, ती शिबिरप्रमुखाच्या अंगावर असावीत, प्लास्टिकमध्ये.